दर्या, दऱ्या आणि एक बिट

दोन शब्द शेजारी ठेवून पाहा: दर्या आणि दऱ्या. एकात लाटा, गलबतं आणि खारा वारा. दुसऱ्यात कारवीचं रान, उतरती पायवाट आणि तळाशी कुठेतरी खळखळणारा ओढा. मराठी माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही, शब्द तोंडातून निघतानाच जीभ वेगळी वळते. कळफलकावर मात्र सगळा फरक एका कळीचा आहे. इनस्क्रिप्टमध्ये ‘जे’ची कळ दाबली की र उमटतो, शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ऱ.

आणि संगणकाच्या पोटात? तिथे हा फरक आणखी बारीक होतो. आज जगभर चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत ‘दर्या’ हा शब्द १५ बाइटांत मावतो. १५ बाइट म्हणजे १२० बिट, म्हणजे शून्य किंवा एक लिहायची १२० घरं. त्यातल्या ४८व्या घरात शून्य आहे. त्याचा एक करा. बस्स, एवढंच. समुद्र आटला आणि सह्याद्री उभा राहिला!

आता समजा, हा बिट कुणाच्या तरी हातून चुकलाय. डोंगरवाटांचे नकाशे दाखवणारं एक ॲप आहे, ते मराठीतही चालतं, आणि ऐन घाटमाथ्यावर ते तुम्हाला बजावतं, ‘सावधान, पुढे खोल दर्या’. काय कराल? एरवी कुठेतरी तक्रार नोंदवाल आणि विसरून जाल. पण हे ॲप ओपन सोर्स आहे, मुक्तस्रोत आहे. ते ज्या मजकुरातून घडतं तो सगळा मजकूर, ओळ न् ओळ, जगापुढे उघडा आहे. नुसता वाचायला नव्हे, दुरुस्त करायलासुद्धा. तुम्हालाच. ओळखपाळख नको, पदवी नको, अर्ज नको. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला तो याच आग्रहापोटी, की जो प्रोग्राम वापरतो त्याला तो वाचायचा, बदलायचा आणि बदलून वाटायचा हक्क हवा. पुढे हा हक्क परवान्यांत लिहिला गेला, आणि म्हणून आज घाटमाथ्यावरच्या त्या चुकीला हात घालायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही.

पण जरा विचार करा. ज्याला कुणीही हात लावू शकतो, ते टिकतं कसं? हजारो अनोळखी माणसं एकाच मजकुरात एकाच वेळी खाडाखोड करताहेत. ती वेगवेगळ्या देशांत आहेत, एकमेकांना कधी भेटलेली नाहीत, भेटणारही नाहीत. त्यातला कुणी घाईत असेल, कुणी चुकेल, एखाद्याच्या मनात काळंबेरंही असेल. तरीही त्यातून तुमच्या फोनमधली प्रणाली तयार होते, बँकांचे सर्व्हर चालतात. हे जमतं तरी कसं?

ही अडचण संगणकापेक्षा कितीतरी जुनी आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. सुमारे तीनशे वर्षं हातोहात नकला होत पाठ बिघडले होते, मूळ ग्रंथात नव्या ओव्याही शिरल्या होत्या. नाथांपुढचे प्रश्न आठवा. हा शब्द मूळचा की मागाहूनचा? बदलला कुणी, केव्हा, कशासाठी? समोरच्या पोथ्या यातलं काहीही बोलत नव्हत्या. पोथी फक्त शेवटचं रूप दाखवते, ती तिथवर कशी आली ते सांगत नाही. नाथांनी ते काम स्वतःच्या कानाच्या आणि ज्ञानाच्या बळावर केलं.

आणि आता अशी पोथी डोळ्यांसमोर आणा, जिच्यातली प्रत्येक ओळ विचारलं की सांगते, मला अमुक माणसाने, अमुक दिवशी, अमुक कारणासाठी लिहिलं. अशी पोथी आहे. तिचं नाव गिट.

गिटच्या जन्माची हकिगत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरवल्ड्स या एकवीस वर्षांच्या मुलाने लिनक्स नावाची प्रणाली लिहायला घेतली आणि ती जगापुढे उघडी ठेवली. लोक दुरुस्त्या पाठवू लागले. कशा? ईमेलने, ठिगळांच्या रूपात. शब्दशः ठिगळं, त्यांना पॅचच म्हणतात. १९७४ मध्ये बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅकिलरॉय यांनी डिफ नावाचा छोटा प्रोग्राम रुळवला होता. दोन फाइली समोर ठेवल्या की नेमक्या कोणत्या ओळी गेल्या आणि कोणत्या आल्या ते तो काढून देतो. १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी त्याला जोडीदार दिला. फरकाचा तो कागद हातात धरून दूरवरच्या दुसऱ्या संगणकावरची फाइल तसाच बदल करून घेते, ती पॅच ही आज्ञा. त्यातली खुबी बघा. मधल्या काळात त्या फाइलीत वर चार ओळी वाढल्या असतील, म्हणजे जागा सरकली असेल, तरी ठिगळाच्या आजूबाजूच्या ओळी ताडून पॅच बरोबर जागा हुडकते. गोधडी शिवणारी आजी जशी कापडाची नक्षी जुळवून ठिगळ बसवते, अगदी तसं.

दहा-अकरा वर्षं लिनक्स असं ठिगळाठिगळांनी वाढलं. मग काम हाताबाहेर जाऊ लागलं आणि २००२ मध्ये त्यांनी बिटकीपर नावाची प्रणाली घेतली. ती या कामासाठी फुकट मिळत होती, पण मुक्त नव्हती. एप्रिल २००५ मध्ये ती फुकटची सोय बंद झाली. हजारो माणसांचं काम खोळंबलं. टॉरवल्ड्सनी लिनक्स बाजूला ठेवलं आणि ३ एप्रिलला नवी प्रणाली लिहायला बसले.

७ एप्रिलला गिट स्वतःचीच नोंद स्वतःमध्ये ठेवू लागलं होतं. चार दिवस! जन्मल्या जन्मल्या पाळण्यातच स्वतःची कुंडली मांडणारं बाळ. ती पहिली नोंद आजही उघडून वाचता येते. सी भाषेतल्या जेमतेम हजारेक ओळी आहेत. महिनाअखेरीस ते सेकंदाला सहाहून जास्त ठिगळं लावत होतं, जूनमध्ये लिनक्सची २.६.१२ ही आवृत्ती त्याच्यावर बाहेर पडली, आणि जुलैमध्ये टॉरवल्ड्सनी ते जुनिओ हमानो यांच्या हाती सोपवलं. वीस वर्षांनंतर आजही तेच ते सांभाळताहेत.

चला, आता आपला बिट घेऊन निघू या.

टर्मिनलची काळी खिडकी उघडा. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, फक्त लुकलुकणारी एक उभी रेघ. तिथे टाइप करा: गिट क्लोन, पुढे प्रकल्पाचा पत्ता, आणि एंटर. आकडे धावू लागतात, टक्केवारी शंभरावर पोचते, संपलं. काय आलं असेल तुमच्याकडे? ॲपच्या आजच्या फाइली? त्या तर आल्याच. पण त्यांच्या सोबत पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास आला आहे. प्रत्येक बदल, प्रत्येक तारीख, प्रत्येकाचं नाव, प्रत्येक खुलासा. ग्रंथालयातून एक पुस्तक मागवावं आणि दारात अख्खं ग्रंथालय उतरावं, तसं. लिनक्स क्लोन केलं तर दहा लाखांहून जास्त नोंदी तुमच्या लॅपटॉपवर येऊन बसतात. आता इंटरनेट गेलं तरी काही अडत नाही. कोकण रेल्वेत बोगद्यामागून बोगदे येऊ देत, तुम्ही वीस वर्षांपूर्वीची ओळ कुणी लिहिली ते शोधत बसू शकता. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी, की मूळ सर्व्हर उद्या जळून खाक झाला, तरी ज्याच्या ज्याच्याकडे पुरी क्लोन आहे, त्याच्याकडून तो इतिहास परत उभा करता येतो.

इतकं सगळं मावतं कसं, हा प्रश्न पडायला हवा. कारण गिट प्रत्येक नोंदीच्या वेळी फरक नव्हे, तर सगळ्या फाइलींची त्या क्षणाची पूर्ण छबी टिपतं. म्हणजे एक शब्द बदलला तर पुन्हा सगळ्या फाइली साठवायच्या? इथे गिटचं खरं मर्म आहे, आणि मला स्वतःला ते पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या होत्या.

गिट फाइलीला तुम्ही दिलेल्या नावाने ओळखत नाही. ते फाइलीतला मजकूर घेतं, त्याला शा-१ नावाच्या गणिती चरकातून पिळून काढतं, आणि जी ४० अक्षरांची खूण बाहेर पडते, ते त्या मजकुराचं नाव. मजकूर तोच, तर नाव तेच. कुठेही, कधीही, कुणाच्याही संगणकावर. अगदी रिकाम्या फाइलीलासुद्धा नाव आहे. ते ई-६-९-डी-ई-२-९ असं सुरू होतं. नागपुरात कुणी रिकामी फाइल गिटला दिली आणि नैरोबीत कुणी दिली, तर दोघांना हेच नाव मिळणार. कुणी कुणाला विचारलेलं नाही, कुठलं नोंदणी कार्यालय नाही, तरी जगभर एकमत! आणि म्हणूनच न बदललेली फाइल पुन्हा साठवावी लागत नाही. तिचं नाव आधीच हजर असतं, नुसतं त्याकडे बोट दाखवलं की झालं.

आता दुसरी बाजू पाहा. मजकुरात एक बिट, फक्त एक, बदलला तर? वाटेल की नावही थोडंसं बदलेल, शेवटचं एखादं अक्षर. नाही. सगळं नाव उलटंपालटं होतं, खुणेतले साधारण निम्मे बिट बदलतात. ‘दर्या’ची खूण आणि ‘दऱ्या’ची खूण यांच्यात काडीचंही साम्य दिसत नाही. माणसाच्या डोळ्याला जे दोन शब्द जुळे वाटतात, ते गिटला परस्परांचे कुणीही लागत नाहीत.

पण मग दोन वेगळ्या मजकुरांना चुकून एकच नाव मिळालं तर? शक्य नावं किती आहेत ते पाहा: दोनचा १६०वा घात, म्हणजे एकावर ४८ शून्यं, त्याहूनही थोडी जास्त. सगळ्या पृथ्वीतले अणू मोजले तर तो आकडा साधारण एकावर ५० शून्यं इतका भरतो. म्हणजे पृथ्वीतल्या दर शंभरेक अणूंमागे एक नाव शिल्लक आहे. योगायोगाने टक्कर व्हायची भीती सोडूनच द्या. मुद्दाम टक्कर घडवणं मात्र २०१७ मध्ये साधलं. गूगल आणि ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेतल्या संशोधकांनी नऊ अब्जांच्याही अब्जपट आकडेमोडी करून एकच शा-१ खूण असलेल्या दोन पीडीएफ फाइली तयार केल्या. गिटने त्याच वर्षी असला डाव ओळखणारी तपासणी बसवली, आणि पुढे अधिक लांब खुणेचीही सोय केली.

खरी कमाल पुढेच आहे. फाइलींची नावं एका यादीत जातात, ती यादीही पिळून तिचं नाव तयार होतं. मग त्या यादीचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव, तारीख, खुलासा आणि आधीच्या नोंदीचं नाव, असं सगळं एकत्र करून नवी नोंद होते. तिलाच कमिट म्हणतात. आणि तिचंही नाव याच चरकातून निघतं. आपल्याकडे माणसाच्या नावात वडिलांचं नाव येतंच. कल्पना करा, त्या वडिलांच्या नावात त्यांच्या वडिलांचं, त्यात पणजोबांचं, असं थेट मूळ पुरुषापर्यंत सगळं एकात एक बसवलेलं आहे. आता खापरपणजोबांच्या नावातली एक वेलांटी कुणी गुपचूप बदलली, तर खालच्या सगळ्या पिढ्यांची नावं त्या क्षणी बदलतील. लपवणार कसं? शेवटच्या वंशजाचं नाव जुळलं, की मधली एकूण एक माणसं खरी. रॅल्फ मर्कल यांनी १९७९ मध्ये या जातीच्या रचनेची कल्पना मांडली होती. चाळीस अक्षरं तपासायची आणि वीस वर्षांच्या इतिहासाची खात्री करून घ्यायची!

ही खात्री किती मोलाची आहे, ते नोव्हेंबर २००३ च्या एका घटनेवरून कळतं. तेव्हा लिनक्सची मूळ वही बिटकीपरमध्ये होती आणि ज्यांना ते नको होतं त्यांच्यासाठी सीव्हीएस या जुन्या प्रणालीत तिची एक नक्कल ठेवलेली होती. कुणीतरी त्या नकलेत शिरून दोन ओळी घुसवल्या. वरवर पाहता साधी तपासणी. सी भाषेत दोन बरोबरचिन्हं म्हणजे प्रश्न: हा वापरकर्ता शून्य क्रमांकाचा आहे का? एक बरोबरचिन्ह म्हणजे हुकूम: याला शून्य क्रमांकाचा कर. आणि शून्य क्रमांक म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी. घुसवणाऱ्याने एकच चिन्ह लिहिलं होतं. वाचणाऱ्याला ती टायपिंगची चूक वाटावी, आणि जगभरच्या यंत्रांची किल्ली मात्र हाती यावी. ते पकडलं गेलं, कारण नक्कल मुळाशी ताडून पाहिली जात होती आणि मुळात त्या ओळींचा मागमूस नव्हता. गिटमध्ये ही ताडणी वेगळी करावी लागत नाही. ती नावातच विणलेली आहे.

तर आपण कुठे होतो? क्लोन झाली. आता ब्रँच काढायची, म्हणजे मुख्य वाटेला धक्का न लावता आपली वेगळी पायवाट. जुन्या प्रणालींत ब्रँच काढणं हा मोठा घाट असे, माणसं ते टाळायची. गिटमध्ये ब्रँच म्हणजे काय, माहीत आहे? ४१ बाइटांची एक फाइल. ४० अक्षरं एका कमिटच्या नावाची आणि एक ओळ संपल्याची खूण. संपली ब्रँच! पोथीत ठेवलेलं मोरपीसच जणू. म्हणून तर हवे तितके प्रयोग करावेत, बिघडले तर पीस उचलून घ्यावं.

मराठी भाषांतराची फाइल उघडा. बहुतेक प्रकल्पांत तिच्या नावात एम-आर ही आपली दोन अक्षरं असतात. आत जोड्याच जोड्या: वर मूळ वाक्य, खाली मराठी. ‘पुढे खोल दर्या’ सापडलं. पण लगेच हात घालू नका, आधी गिट ब्लेम ही आज्ञा द्या. नाव दोषारोपाचं असलं तरी काम मायेचं आहे. प्रत्येक ओळीपुढे ती कुणी आणि केव्हा लिहिली ते उभं राहतं. नाथांना जे कुठल्याच पोथीने सांगितलं नाही, ते इथे डोळ्याची पापणी लवायच्या आत समोर येतं. आणि बहुतेक वेळा दिसतं ते असं, की कुणा भल्या माणसाने एका रात्रीत चारशे वाक्यं मराठीत आणलीत आणि एकदा शिफ्ट दाबायचं राहून गेलंय.

शिफ्ट दाबा, ऱ लिहा, फाइल जतन करा. गिट डिफ. लाल रंगात उणे चिन्हाची एक ओळ, हिरव्यात अधिक चिन्हाची एक. कित्येक टर्मिनलांत देवनागरी जोडाक्षरं फुटून दिसतात, तेव्हा अक्षरं चमत्कारिक दिसली तर घाबरू नका. एक ओळ गेली, एक आली, एवढं दिसलं की पुरे. मग गिट ॲड, म्हणजे ताटात काय वाढायचं ते निवडणं. आणि मग गिट कमिट.

इथे गिट तुम्हाला थांबवून विचारतं: कशासाठी? खुलाशाची जागा रिकामी ठेवली तर कमिट होतच नाही. काय बदललं ते डिफ सांगतोच, का बदललं ते फक्त तुम्ही सांगू शकता. आणि लक्षात ठेवा, हे वाचणाऱ्याला कदाचित मराठीचा गंधही नसेल. त्याला सांगायचं, की मराठीत या दोन शब्दांपैकी एकाचा अर्थ समुद्र आहे, दुसऱ्याचा डोंगरामधली खोल जागा, आणि इशारा कड्याचा आहे. तीन वाक्यं. पुढे दहा वर्षांनी कुणी ती ओळ पाहून बुचकळ्यात पडलं, तर तीच तीन वाक्यं त्याच्या मदतीला येतील.

आता गिट पुश. पण थेट मूळ प्रकल्पात ढकलायचा अधिकार तुम्हाला नाही, असायलाही नको. असे प्रकल्प जिथे ठेवलेले असतात त्या गिटहबसारख्या संकेतस्थळावर तुम्ही आधीच प्रकल्पाची तुमच्या नावची प्रत काढलेली असते, तिला फोर्क म्हणतात. तुम्ही ढकलता ते तिथे. आणि मग प्रकल्प सांभाळणाऱ्याला, म्हणजे मेंटेनरला, विनंती करता: माझ्याकडे एक बदल आहे, पटला तर ओढून घ्या. पुल रिक्वेस्ट हे नाव त्यावरूनच आलं. दार तुम्ही लोटत नाही, आतला माणूस उघडतो. या एका शब्दात केवढा शिष्टाचार भरलाय! लिनक्समध्ये तर आजही ठिगळं ईमेलनेच जातात. कोणत्या भागाचं ठिगळ कुणाकडे पाठवायचं याची लांबलचक यादी प्रकल्पातच असते, आणि ते पायरी पायरीने वर चढत टॉरवल्ड्सपर्यंत पोचतं.

पण तुम्ही ‘दऱ्या’ लिहीत होता, तेव्हा जग थांबलेलं नव्हतं. त्याच फाइलीत दुसऱ्या कुणी दहा वाक्यं घातली, दोन खोडली. आता दोघांचं काम एकत्र कसं करायचं? घरातलं लग्न डोळ्यांपुढे आणा. आमंत्रणाच्या यादीच्या दोन प्रती झाल्यात, एक आईकडे, एक आत्याकडे. आईच्या प्रतीत धाकट्या काकांचं नाव आहे, आत्याच्या प्रतीत नाही. आता सांगा, आईने ते नंतर घातलं, की आत्याने मुद्दाम गाळलं? कितीही वेळ दोन याद्यांकडे टक लावून बसा, कळणार नाही. पण दोन्ही जिच्यावरून उतरवल्या, ती पहिली यादी मिळाली तर? तिच्यात काकांचं नाव नसेल, तर आईने घातलंय. असेल, तर आत्याने गाळलंय. क्षणात निकाल!

गिट नेमकं हेच करतं. दोन वाटांवरून मागे चालत जाऊन त्यांचा सामाईक पूर्वज शोधतं, आणि मग तिघांची तुलना करतं. ज्या ओळी एकानेच बदलल्या त्या निर्धास्त घेतं, दोघांनी सारख्याच बदलल्या तरी प्रश्न नाही. दोघांनी एकाच जागी वेगवेगळं लिहिलं, तरच ते हात जोडून थांबतं आणि दोन्ही रूपं समोर ठेवतं, की आता माणसाने ठरवावं. स्वतःच्या मनाने निवडत नाही. यंत्राने कुठे थांबावं हे इतकं नेमकं फार थोड्या ठिकाणी पाळलेलं मी पाहिलंय.

समजा, मेंटेनर नॉर्वेत आहे. त्याने तुमची तीन वाक्यं वाचली, मराठी जाणणाऱ्या आणखी एकाला विचारलं, होकार आला आणि त्याने तुमचा बदल आत घेतला. त्या कमिटमध्ये आता कुणाचं नाव असेल? गिट दोन नावं वेगवेगळी ठेवतं. एक लिहिणाऱ्याचं, एक नोंद आत घेणाऱ्याचं. ईमेलने आलेलं ठिगळ कुणीही लावो, लिहिणारा तो लिहिणाराच राहतो. श्रेय मधल्या हातांत अडकत नाही. गिटच्या सगळ्या करामतींत मला ही सर्वांत सुंदर वाटते, कारण ती गणिताची नाही, माणुसकीची आहे.

आणि अशा जपलेल्या नावांचं काय होऊ शकतं पाहा. १९ एप्रिल २०२१ ला इंजेन्युइटी नावाचं छोटं हेलिकॉप्टर मंगळाच्या विरळ हवेत उडालं. दुसऱ्या ग्रहावर यंत्राने केलेलं ते पहिलं नियंत्रित उड्डाण. त्यात लिनक्स होतं, आणखी कितीतरी मुक्तस्रोत प्रोग्राम होते. कोणत्या प्रोग्रामची कोणती आवृत्ती वापरली त्याची यादी हातात आल्यावर, गिटच्या नोंदींवरून मागे जाऊन ज्यांच्या ओळी त्या आवृत्त्यांत होत्या त्यांची नावं गिटहबने शोधली. जवळजवळ १२ हजार माणसं निघाली! कुणी एखादी चूक दुरुस्त केली होती, कुणी खुलाशातलं एखादं वाक्य नीट केलं होतं. आपण मंगळासाठी काही करतोय, हे त्यांतल्या बहुतेकांच्या गावीही नव्हतं. त्या दिवशी घरबसल्या त्यांना कळलं, की आपलं काम मंगळावर उडालं.

तुमचा बिट मंगळावर नाही, घाटमाथ्यावर जाणार आहे. ॲपची पुढची आवृत्ती येते. फोनवर ‘पुढे खोल दऱ्या’ उमटतं, आणि तो र-चा छोटा अर्धचंद्र य-ला बरोबर बिलगून बसतो. तोही आपोआप बसत नाही, बरं का. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड अशा कित्येक ठिकाणी अक्षरांची ही जुळणी हर्फबझ नावाचा एक मुक्तस्रोत प्रोग्राम करतो. त्याचं नाव फारसीतून आलंय, हर्फ म्हणजे अक्षर. फारसी नावाच्या प्रोग्रामने मराठीचा अर्धचंद्र जागेवर बसवायचा, आणि तो ज्यात काढला आहे ते ‘मुक्ता’सारखं टंक, म्हणजे फाँट, मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेच्या कलाकारांनी मुक्त करून ठेवलेलं असायचं. त्यांच्याही वह्या उघड्या आहेत, त्यांच्याही ओळी नावानिशी बोलतात.

काम झालं, आता ती ब्रँच पुसून टाका. ४१ बाइटांची फाइल गेली, बदल मात्र मुख्य वाटेत कायमचा बसलाय. गिट पुल करून ताजी फाइल घ्या, आपली ओळ एकदा डोळे भरून बघा. आणि बघता बघता नजर खाली घसरेल. अकरा ओळींनंतर आणखी एक इशारा आहे: ‘आज जोराच्या वार्याची शक्यता’.

नवी ब्रँच काढा. शिफ्ट धरा.